सत्ता राहते कुठे?

सत्ता कुठे राहते, असे विचारले तर मंत्रालयात, पोलीस ठाण्यात, न्यायालयात, असे उत्तर कोणीही देईल. चळवळीतला कार्यकर्ताही तेच देतो. म्हणून आमचा मोर्चा निघाला की तो जिल्हाधिकारी कचेरीवर जातो आणि निवडणूक आली की सारे लक्ष तिकिटावर लागते. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे महाडच्या चवदार तळ्याने आम्हाला १९२७ सालीच दिले आहे.

घटनाक्रम वाचकांना ठाऊक आहे, तरी तो पुन्हा पाहू. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कायदेमंडळ अनुकूल, नगरपालिका अनुकूल, कागद अनुकूल. तरीही अस्पृश्याची ओंजळ पाण्यापर्यंत पोहोचली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. आणि मंदिरात घुसणार अशी अफवा उठवून परिषदेला आलेल्या आमच्या माणसांवर लाठ्याकाठ्या चालवल्या गेल्या. पुढे तळे 'शुद्ध' करण्यात आले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

मग १९२४ ते १९२७ या काळात पाणी अडवले कोणी? कायद्याने नाही, पोलिसानेही नाही. अडवले ते घरातल्या शिकवणीने, पुरोहिताच्या शब्दाने, बाजारपेठेतल्या पतीने आणि गावकीच्या धाकाने. या सत्तेला कचेरी नसते, शिक्का नसतो, पण तिचा हुकूम सरकारच्या हुकमावर मात करतो.

मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४८ च्या जाहीरनाम्यात राज्यसंस्था ही भांडवलदार वर्गाचा कारभार पाहणारी समिती आहे, असे मांडले. लेनिनने १९१७ साली तोच धागा पुढे नेला : जुनी राज्ययंत्रणा मोडल्याशिवाय कष्टकऱ्यांची सुटका नाही. रशियात क्रांती झाली. पण इटलीत १९१९-२० साली तुरिनचे कामगार कारखाने ताब्यात घेऊनही हरले आणि १९२२ साली मुसोलिनी सत्तेवर आला. असे का झाले, हा प्रश्न अंतोनिओ ग्राम्शीला सतावत होता. सार्डिनिया या गरीब बेटावर जन्मलेला हा कम्युनिस्ट नेता १९२६ साली खासदार असतानाच पकडला गेला. वीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली. तुरुंगात त्याने ३३ वह्या भरल्या आणि १९३७ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी तो गेला.

त्या वह्यांचे सार असे. सत्ताधारी वर्ग केवळ दंडुक्यावर राज्य करीत नाही, तो दबलेल्यांची संमतीही मिळवतो. ही संमती शाळा, चर्च, वर्तमानपत्रे, संघटना यांतून घडते. यालाच ग्राम्शी नागरी समाज म्हणतो. सरकार हा बाहेरचा खंदक. तो जिंकला तरी मागे हे किल्ले उभेच असतात. म्हणून एका हल्ल्यात भागत नाही, दीर्घकाळ मोर्चेबांधणी करावी लागते आणि त्यासाठी दबलेल्या वर्गाने स्वतःचे विचारवंत घडवावे लागतात.

ग्राम्शीच्या वह्या छापून यायला लागल्या त्या १९४८ पासून. पण बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलन' या भाषणात समाजवाद्यांना बजावले होते की मालमत्ता हा सत्तेचा एकमेव उगम नाही. धर्म आणि सामाजिक दर्जा हेही सत्तेचे उगम आहेत. दोघांनी एकमेकांचे काही वाचलेले नव्हते. तरी दोघेही एकाच दारावर थाप मारीत होते. बाबासाहेबांना ही दिशा पुस्तकाने दाखवली नव्हती, ती महाडने आणि मुंबईच्या गिरण्यांनी दाखवली होती. विणकाम खात्यात पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव. मज्जाव करणारा शेजारचा सवर्ण कामगारच होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. तरीही १९३८ साली मजूरविरोधी विधेयकाविरुद्ध ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरले. भांडण कष्टकऱ्याशी नव्हते, अपुऱ्या विश्लेषणाशी होते.

इथे आम्हाला ग्राम्शीच्याही पुढे जावे लागते. आमच्याकडे संमती घडते ती श्रेणीबद्ध विषमतेतून. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी सापडतो, म्हणून वरच्याविरुद्ध सारे एकवटत नाहीत. आणि म्हणूनच 'सिव्हिल सोसायटी' या शब्दाला २०११ च्या लोकपाल आंदोलनापासून जे तेज आले आहे, त्याने आम्ही दिपून जात नाही. जात पंचायतही सरकारबाहेरचीच संस्था आहे! तिच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तो काय उगाच?

नामांतराचेच पाहा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव मंजूर केला. मराठवाड्यात आमची घरे जळाली, माणसे मारली गेली आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव, तेही नामविस्तार म्हणून, लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव आणि पाटी यांच्यात साडेपंधरा वर्षांचे अंतर होते. ते अंतर म्हणजेच नागरी समाज.

याचा अर्थ सरकार सोडून द्यावे असा नाही. १९२३ चा ठराव नसता तर महाडच्या लढ्याला कायद्याचा आधार मिळाला नसता. बाबासाहेब एका हाताने कायदा घडवत होते आणि दुसऱ्या हाताने 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता', वसतिगृहे, समता सैनिक दल, पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी करीत होते. ही त्यांची मोर्चेबांधणी होती. आम्ही पहिला हात घट्ट धरला आणि दुसरा सैल सोडला. तिकिटासाठी चार गट पडतात, पण वस्तीतल्या बंद पडलेल्या वाचनालयासाठी एकही गट पडत नाही! विहाराचे कुलूप जयंतीला उघडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लागते.

वाचकहो, पुढच्या मोर्चाला जरूर जा. पण परतताना विहाराची किल्ली कोणाकडे आहे, तेवढे विचारा. संध्याकाळी दहा पोरे तिथे अभ्यासाला बसली, तर एक मोर्चा त्या वस्तीतही पोहोचला असे आम्ही समजू.