संग्रहालयाच्या अंगणातला गढकलेवा

रायपूरच्या घडी चौकाजवळचं महंत घासीदास स्मारक संग्रहालय जुनं आहे. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी ते १८७५ साली उभारलं. आजची इमारत १९५३ ची, डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते खुली झालेली. सिरपूरच्या बौद्ध कांस्यमूर्ती पाहायला इथे लांबून अभ्यासक येतात. पण या आवारात शिरणारे बरेच जण मूर्तींच्या दालनाकडे वळतच नाहीत. ते थेट अंगणातल्या गढकलेव्याकडे जातात.

छत्तीसगडीत कलेवा म्हणजे न्याहारी. राज्याच्या संस्कृती विभागाने २६ जानेवारी २०१६ रोजी हे उपाहारगृह सुरू केलं आणि चालवायला महिला बचत गटाच्या हाती दिलं. बस्तरच्या मुरिया कारागिरांच्या धाटणीची लाकडी बैठक, बांबूकाम, भिंतींवर सरगुजाच्या रजवार शैलीतली मातीची नक्षी असा सगळा थाट आहे. पहिल्यांदा येणारा आधी हे बघत राहतो. मग फळ्यावरची नावं वाचू लागतो आणि गोंधळतो. चीला, फरा, चौसेला, धुस्का, बफौरी, ठेठरी, खुरमी, पपची, देहरौरी, अइरसा. मागवायचं काय?

मराठी माणसाने सुरुवात अइरशापासून करावी, असं माझं मत. भिजवलेला तांदूळ, गूळ आणि तळण, एवढाच त्याचा संसार. पहिल्या घासालाच अनारशाची आठवण होते. फरक कृतीत आहे. आपण पीठ गुळात मळून काही दिवस मुरवत ठेवतो. इथे गुळाचा पाक करतात आणि ओलसर पीठ त्यात कालवतात. पाक थोडा पुढे गेला तर अइरसा दगड होतो, मागे राहिला तर कढईत विरघळतो. हे गणित बोटांना ठाऊक असावं लागतं, वहीत लिहून येत नाही.

देहरौरीचं तेच. तांदूळ भिजवून, निथळून जाडसर दळायचा, दह्यात भिजवून ठेवायचा, तुपात तळायचा आणि साखरेच्या पाकात सोडायचा. तांदळाची कणी जिभेला लागते आणि दह्याचा किंचित आंबटपणा त्या गोडाला सावरून धरतो. खव्याच्या कुठल्याही मिठाईत ही मजा मला मिळाली नाही. इथला बहुतेक पदार्थ या ना त्या रूपात तांदळाचाच. ‘धान का कटोरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखाने मैदा आणि खव्यावाचून केवढी मोठी मिठाई घडवली, ते या एका पानात कळतं. भट्टीसुद्धा लागली नाही. अंगाकर रोटी पळसाच्या पानांत ठेवून निखाऱ्यांवर भाजतात. वरून करपलेली, आत मऊ, आणि पानाचा वास तिच्यात उतरलेला.

ठेठरी बेसनाची, ओवा घातलेली, खारी. खुरमी गव्हा-तांदळाच्या पिठाची, गूळ, खोबरं, चारोळी घातलेली. ही जोडी खरं तर पोरा आणि तीजाची. पोरा म्हणजे आपला पोळा, दोन्हीकडे एकाच अमावास्येला. बैलांना, मातीच्या नंदीला ठेठरी-खुरमीचा नैवेद्य दाखवतात. तीजा म्हणजे हरतालिका. त्या सणाला छत्तीसगडची लेक माहेरी येते, उपासाच्या आदल्या रात्री कारल्याच्या भाजीशी भात खाते आणि मग निर्जळी धरते. सासर-माहेरच्या फेऱ्यांत हे पदार्थ डब्यांतून फिरत आले. बाजारात ते क्वचितच दिसायचे, कारण विकत घेण्याची गरज कुणाला पडली नव्हती.

सणाचा पदार्थ रोज मिळू लागला की त्याचं अप्रूप सरतं, असा आक्षेप अशा ठिकाणांवर घेतला जातो. मला तो अजिबात पटत नाही. वर्षातून एकदा होणारा पदार्थ शहरातल्या घरात आधी दर दोन वर्षांनी होऊ लागतो आणि मग आजीबरोबर जातो. रोज कढई चढते तिथेच पाकाची ओळख टिकते, एकीच्या हातून दुसरीच्या हातात जाते. आणि घरात ज्या कष्टाला कधी मोल नव्हतं त्याचे पैसे इथे बायकांच्या पदरात पडतात. पुढे राज्याने जिल्ह्याजिल्ह्यांत गढकलेवे उघडायचं ठरवलं, त्यामागे या पहिल्या अंगणाचं यश होतं.

बोरे-बासी इथली शेतमजुराची न्याहारी. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा, मिरची, चटणी. २०२२ मध्ये १ मे रोजी, कामगार दिनी, तो जाहीरपणे खाण्याचं आवाहन सरकारने केलं आणि गरिबाचं म्हणून लपवलेलं ताट मानाने पुढे आलं. उन्हाळ्यात रायपूरला गेलात तर गोडाआधी हाच मागवा.

खाऊन झाल्यावर संग्रहालयात मात्र नक्की जा. किरारी गावच्या तळ्यात सापडलेला एक लाकडी खांब तिथे आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. त्यावर ब्राह्मी अक्षरांत राज्यातल्या अधिकाऱ्यांची यादी कोरलेली होती. बाहेर काढल्यावर लाकूड वाळून ढलपे उडू लागले, तरी गावातल्या एका जाणत्याने अक्षरं वेळीच उतरवून घेतली म्हणून ती वाचता आली. सेनापती, प्रतिहार, भांडागारिक यांच्या रांगेत तिथे महानसिकही आहे, म्हणजे राजाच्या पाकशाळेचा प्रमुख. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीही या मुलखात स्वयंपाकघर सांभाळणाऱ्याला सेनापतीच्या यादीत जागा होती, हे वाचून मला फार बरं वाटलं.

बांधून न्यायचं असेल तर ठेठरी, खुरमी आणि पपची घ्या. ती बरेच दिवस टिकतात, नागपूरपर्यंतच काय, मुंबईपर्यंतही आरामात पोहोचतात. चीला आणि फरा तव्यावरून, कढईतून उतरल्या उतरल्या पतालच्या, म्हणजे टोमॅटोच्या चटणीशी खायचे. देहरौरीही तिथेच बसून संपवा, प्रवासात तिचा पाक सांडतो.