हंगाम संपल्यावरची तालीम

मैदानी खेळाची चर्चा निघाली की आपण सामन्यांविषयी बोलतो. सामने नसतात त्या महिन्यांत खेळाडू काय करतो, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वास्तविक खेळाडूचे शरीर घडते किंवा बिघडते ते पुष्कळसे याच महिन्यांत. ही गोष्ट सर्वच खेळांना लागू आहे. परंतु बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत ती जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल. अमेरिकेत व जपानात हा खेळ मुले फार मोठ्या संख्येने खेळतात, आणि तेथील डॉक्टरांनी व शिक्षकांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. म्हणून आम्ही येथे त्याच खेळाचे उदाहरण घेत आहोत.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो आणि कोपर न झटकता हात फिरवतो. पिचर मातीच्या बुटक्या उंचवट्यावर उभा राहतो आणि कोपरात वाकवलेला हात चाबकासारखा पुढे सोडतो. चेंडू सुमारे १४५ ग्रॅम वजनाचा. मोठ्यांच्या खेळात फेकीचे अंतर ६० फूट ६ इंच असते. चेंडू सुटतेवेळी कसलेल्या पिचरचा खांदा सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतक्या वेगाने वळतो. मनुष्यदेहाच्या ज्या हालचाली मोजल्या गेल्या आहेत, त्यांतील ही अत्यंत जलद हालचालींपैकी एक होय. तिचा ताण मुख्यतः कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर येऊन पडतो.

प्रौढाच्या कोपरात हा अस्थिबंध तुटतो. लहान मुलाच्या कोपरात बहुधा त्याआधी हाडच दगा देते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात. हाड वाढते ते तेथूनच, आणि तोच भाग सर्वांत नाजूक असतो. त्यावर वारंवार ओढ बसली की तो दुखू लागतो, रुंदावतो, आणि प्रसंगी हाडाचा तुकडाही सुटतो. १९६० साली क्ष-किरणतज्ज्ञांनी या विकाराला ‘लिटल लीगरचे कोपर’ असे नाव दिले. लिटल लीग ही अमेरिकेतील मुलांची बेसबॉल संघटना होय.

२५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच उजव्या हातातील कंडरा बसवली. १९७६ साली जॉन मैदानावर परतले आणि १९८९ पर्यंत खेळून त्यांनी आणखी १६४ सामने आपल्या नावे जिंकले. या यशातून एक विपरीत समज मात्र पसरला. शस्त्रक्रियेने हात पूर्वीपेक्षा बळकट होतो, असे काही पालकांना व मुलांना वाटू लागले. तो समज खरा नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर सामन्यात परतण्यास वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि सर्वच खेळाडू पूर्वीच्या योग्यतेने परततात असे नाही.

मग मुलांच्या हातावर हा प्रसंग येतो कशाने? २००६ साली अमेरिकेतील संशोधकांनी शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या ९५ तरुण पिचरांची तुलना दुखापत न झालेल्या ४५ पिचरांशी केली. वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ सामन्यांत फेकी करणाऱ्यांना शस्त्रक्रियेचा धोका पाचपट, आणि हात थकला असताना नेहमी फेकी करीत राहणाऱ्यांना तो छत्तीसपट असल्याचे त्यांना आढळले. हात थकतो यात वावगे काही नाही. थकलेल्या हाताला उसंत न देणे, हे खरे कारण होय.

पूर्वी ही उसंत ऋतूच देत असे. अमेरिकेच्या उत्तर भागात बर्फ पडले की चेंडू पेटीत जाई आणि मुले दुसऱ्या खेळाकडे वळत. आता मोठी छपरे असलेल्या बंदिस्त मैदानांमुळे हिवाळ्याचा अडसर उरला नाही, आणि फ्लोरिडा किंवा टेक्सास यांसारख्या उबदार राज्यांत तर तो मुळातच नव्हता. जे काम बर्फ करीत असे ते आता नियमांना करावे लागते. अमेरिकेत २०१४ साली ‘पिच स्मार्ट’ या नावाने मार्गदर्शक नियम प्रसिद्ध झाले. त्यांत ९–१० वर्षांच्या मुलाने दिवसात ७५ व ११–१२ वर्षांच्या मुलाने ८५ फेकींपुढे जाऊ नये, असे सांगितले आहे. वर्षातून किमान चार महिने फेकीचे सामने बंद ठेवावेत, आणि त्यांपैकी दोन-तीन महिने सलग हात खांद्यावर नेऊन काहीच फेकू नये, असाही नियम आहे. जपानात शालेय संघांना डिसेंबरच्या आरंभापासून मार्चच्या आरंभापर्यंत बाहेरच्या संघांशी सामने खेळण्यास मनाई असते. मात्र याच देशात १९९८ साली कोशिएनच्या प्रसिद्ध स्पर्धेत दाइसुके मात्सुझाका या शाळकरी पिचरने १७ डावांच्या एका सामन्यात २५० फेकी केल्या, आणि लोकांनी त्याच्या चिकाटीचे कौतुक केले. आठवड्यास ५०० फेकींची मर्यादा तेथे आली ती २०२० साली.

या मोकळ्या महिन्यांत मुलाने करावयाचे तरी काय? पहिले काही आठवडे चेंडूला रजा द्यावी. पोहावे, सायकल चालवावी, फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळावे. त्यानंतर बळ कमावण्याची पाळी येते, आणि तिचा आरंभ पायांपासून व्हावयास हवा. कारण फेकीचा जोर पायांतून निघतो, कंबर व धड यांतून वर चढतो आणि हातात केवळ शेवटी पोहोचतो. ज्याचे पाय व कंबर कमकुवत, तो उणीव हाताने भरून काढतो आणि कोपर गमावतो. म्हणून बैठका, उड्या, छोट्या वेगवान धावा आणि कोपरांवर अंग तोलून धरण्याचे व्यायाम करावेत. रबरी पट्टा ओढून खांद्याचे व पाठीवरील खवाट्यांभोवतीचे स्नायू सशक्त करावेत. मुलाने वजने उचलण्यास हरकत नाही. ती हलकी असावीत, आणि जाणत्या शिक्षकाची नजर त्यावर असावी.

फेकीकडे परतावयाचे तेही पायरीपायरीने. प्रथम ४५ फुटांवरून, एक दिवसाआड, सावकाश. दुखले नाही तर ६०, मग ९०, मग १२० फूट. उंचवट्यावरून पुऱ्या जोराची फेक सर्वांत शेवटी. या क्रमास काही आठवडे लागतात; सामने तोंडावर आले म्हणून ते आटोपते घेऊ नयेत. दुखू लागल्यास थांबावे, आणि दुखणे टिकल्यास डॉक्टरांस दाखवावे.

यावर पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : आपला मुलगा विसावा घेईल आणि शेजारचा मुलगा बाराही महिने खेळेल, तर आपला मागे नाही का पडणार? चिंता खोटी नाही. बारा वर्षांच्या वयात रोज फेकणारा मुलगा कदाचित पुढे दिसेलही. परंतु त्या वयाची स्पर्धा जिंकून सतराव्या वर्षी शस्त्रक्रियेच्या मेजावर जाण्यात कसला लाभ? त्यातून मुले दुखणे लपवितात. संघातून वगळले जाण्याची भीती त्यांना कोपराच्या कळेहून मोठी वाटते. म्हणून थांबावयाचे केव्हा, हे मुलावर सोपवून चालत नाही. तो निर्णय वडीलधाऱ्यांनीच आधी करून ठेवावयास हवा.

बेसबॉल आपल्याकडे थोडाच खेळला जातो. पण वेगवान गोलंदाजी करणारी मुले गावोगाव आहेत, आणि अतिश्रमाने त्यांच्या कण्याच्या हाडाला चीर पडते, हेही वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. त्या मुलांच्या वर्षात मोकळे महिने किती, हे त्यांच्या पालकांनी व शिक्षकांनी एकदा दिनदर्शिका पुढे घेऊन मोजावे, एवढेच आमचे सांगणे आहे.