नोकरी बदला, पण गुंतवणूक मोडू नका

पुणे, नागपूर किंवा कोल्हापूरहून पहिल्या नोकरीसाठी गुरुग्राम-नोएडाला आलात, की पगाराचा आकडा घरच्यांना भरभक्कम वाटतो. पण खोलीचे भाडे, कॅब, बाहेरचे जेवण आणि दिवाळीला गावी जायचे तिकीट यात तो कधी संपतो ते कळत नाही. मग तुम्ही म्हणता, ‘‘पगार वाढला की गुंतवणुकीचे बघू.’’

हे थांबणे किती महाग पडते ते पाहा. २५व्या वर्षापासून दरमहा ५ हजार रुपये गुंतवले आणि वर्षाला सरासरी १० टक्के परतावा मिळाला असे धरले, तर ६०व्या वर्षी साधारण १ कोटी ९० लाख रुपये होतात. हीच सुरुवात ३५व्या वर्षी केली तर जेमतेम ६६ लाख. परताव्याची हमी नसते, पण हिशेब काय सांगतो ते स्पष्ट आहे.

आधी पाया घाला

एनसीआरमध्ये नोकऱ्या पटकन मिळतात, तशा जातातही. म्हणून किमान ४ ते ६ महिन्यांचा खर्च बचत खात्यात किंवा एफडीत ठेवा. कंपनीचा आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो, म्हणून स्वतःचा वेगळा विमा घ्या. हे नसेल तर पहिल्याच अडचणीत गुंतवणूक मोडावी लागते.

पीएफ म्हणजे बोनस नव्हे

तुमच्या मूळ पगारातून १२ टक्के रक्कम पीएफमध्ये जाते. कंपनीही तितकीच भरते, त्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो. २०२४-२५ साठी पीएफवरचे व्याज ८.२५ टक्के होते. तरीही नोकरी बदलली की अनेक जण ही रक्कम काढून नवा फोन घेतात किंवा फिरायला जातात. तसे करू नका. नव्या कंपनीला जुनाच यूएएन द्या आणि रक्कम नव्या खात्यात वळती झाली की नाही ते तपासा. सलग ५ वर्षांची सेवा होण्याआधी पैसे काढले तर सर्वसाधारणपणे कर लागतो. रक्कम वळती केली तर आधीच्या नोकरीची वर्षेही त्यात धरली जातात. पीएफमधून पेन्शन मिळण्यासाठी १० वर्षांची सेवा लागते, हेही लक्षात ठेवा.

सगळे एकाच टोपलीत नको

पीएफच्या जोडीला पीपीएफ उघडा. वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, मुदत १५ वर्षांची असते. गावच्या पोस्टात खाते असेल तर ते दिल्लीत बदलून घेता येते.

वाढीसाठी इंडेक्स फंडात एसआयपी सुरू करा आणि पगार वाढला की तीही वाढवा. बाजार पडला तर घाबरू नका. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली आला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा ४२ हजारांवर गेला. दरवेळी तो इतक्या लवकर सावरेल असे नाही. म्हणूनच पुढच्या ५-७ वर्षांत लागणारे पैसे शेअर बाजारात ठेवू नका.

झटपट श्रीमंतीचा मोह

ऑफिसमधला मित्र फ्युचर्स-ऑप्शन्समधली कमाई दाखवेल. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या ३ वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

नॉमिनी विसरू नका

प्रत्येक खात्यात नॉमिनीचे नाव टाका. लग्न झाले की पीएफचे जुने नामांकन रद्द होते, ते नव्याने भरा. आपले पैसे कुठे कुठे आहेत हे आईबाबांना किंवा जोडीदाराला लिहून द्या.

या महिन्याचा पगार जमा झाला की दुसऱ्याच दिवशीची एसआयपी लावा, मग ती ५०० रुपयांची का असेना. उरलेल्या पैशांत महिना भागवायची सवय आपोआप लागेल.