सकाळी सांधे किती वेळ आखडतात?

वाशीत सांधेदुखीवर बोलायला उभं राहिलं की समोर बहुधा दोघं असतातच. एक, बाजार समितीत जन्मभर पोती वाहिलेला माथाडी. आणि दुसऱ्या, सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आजी. त्यांच्या शेजारी कधी पस्तिशीची एखादी बाई असते, बोटं सुजलेली. तिघांनाही आपण एकच सांगतो, ‘संधिवात आहे’. माझं भांडण आहे ते या एका शब्दाशी.

1996 साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी भिगवणमध्ये घरोघरी पाहणी सुरू केली. चार हजारांहून जास्त प्रौढांत साधारण 18 टक्क्यांना हाडासांध्यांचं काही ना काही दुखणं होतं. आमवात मात्र दोनशेत एकालाच. म्हणजे बघा, दुखणं घरोघरी, पण आमवात क्वचित. म्हणूनच तो गर्दीत हरवतो.

ओळखायचा कसा? झिजेचा गुडघा जिना उतरताना दुखतो, बसलं की शांत होतो. सकाळचं आखडणं बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतं. आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. दोन्ही मनगटं, बोटांची मुळं सुजतात, आणि तासभर तरी चहाचा कप नीट धरवत नाही. असं सहा आठवडे चाललं असेल तर थांबू नका. पहिल्या काही महिन्यांत औषध मिळालं तर सांधे वाकडे होणं बरंचसं टळतं.

झिजेवर उपाय काय? लोक म्हणतात, ‘डॉक्टर, कूर्चा घासली, आता काय उरलं?’ अहो, कूर्चेत दुखणारी नसच नसते! एक्स-रे खराब आणि माणूस ठणठणीत, हेही आम्ही रोज बघतो. मांडीचे स्नायू बळकट करा. खुर्चीत बसून पाय सरळ उचला, पाच आकडे मोजा, खाली ठेवा. आणि वजन एक किलो उतरलं, तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात.

आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. चिठ्ठीवर वार लिहून घ्या, ‘रविवार’, असा स्पष्ट.

चला, आता तुमचे प्रश्न.