मारणारा घरचा, मग कळवणारा कोण?

पोटच्या किंवा सावत्र मुलाला चटके दिल्याबद्दल पालकावर, अथवा तान्ह्या बाळाला आपटल्याबद्दल पाळणाघरातील बाईवर गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या मीरा-भाईंदरच्या वाचकांना आता नवीन राहिलेल्या नाहीत, आणि अशा प्रत्येक बातमीनंतर कायदा अधिक कडक करण्याची मागणी होते. संताप स्वाभाविक असला, तरी शिक्षा हा या कायद्याचा सर्वांत दुबळा भाग नाही. बंद दाराआडचा मार बाहेर कळवण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला कायद्याने पुरते उत्तर दिलेले नाही, आणि खरी पोकळी तेथेच आहे.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे अशा कोणीही त्याला मारहाण केली, टाकून दिले, छळले किंवा जाणूनबुजून त्याची हेळसांड केली आणि त्यातून मुलाला अनावश्यक शारीरिक वा मानसिक यातना होण्याचा संभव असेल, तर ३ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. १९८६ आणि २००० च्या कायद्यांत याच अपराधाला जास्तीत जास्त ६ महिन्यांची कैद होती, हे लक्षात घेतले म्हणजे शिक्षा किती वाढली ते कळते. मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेच्या चालकाने किंवा कर्मचाऱ्याने हे कृत्य केल्यास कारावास ५ वर्षांपर्यंत जातो, तर मुलाला शारीरिक अपंगत्व वा मानसिक आजार आल्यास किंवा त्याच्या जिवाला धोका निर्माण झाल्यास किमान ३ आणि कमाल १० वर्षांची सक्तमजुरी सांगितली आहे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये खारघरच्या पाळणाघरातील सीसीटीव्ही चित्रणाने महाराष्ट्र हादरला, तेव्हा ‘प्रत्यक्ष ताबा’ या शब्दांचा आवाका आई-वडिलांपलीकडेही पोचतो, हे अनेकांना प्रथमच उमगले.

याच्या जोडीला १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता आहे. बारा वर्षांखालील मुलाला पालकाने उघड्यावर टाकून देण्यासाठी तिच्या कलम ९३ मध्ये ७ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तापलेल्या वस्तूने इजा करणे, म्हणजेच चटका देणे, कलम ११८ खाली येते. मात्र त्याच संहितेचे कलम २७ बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्‌भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते. हेतुपुरस्सर घडवलेली जबर इजा सर्वसाधारणपणे त्या संरक्षणाबाहेर राहते. पण ‘आमच्याच लेकराला वळण लावतो आहोत’ हा युक्तिवाद नेमका या कलमाच्या आडोशाला उभा राहतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील छडी बंद केली, घरातील छडीवर मात्र तशी सरसकट बंदी नाही. स्वीडनने अशी बंदी १९७९ मध्ये आणि नेपाळने २०१८ मध्ये घातली.

त्यात २०२१ च्या दुरुस्तीने एक पाऊल मागे टाकले. सप्टेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीनुसार बाल न्याय कायद्यातील ३ ते ७ वर्षांच्या शिक्षेचे अपराध अदखलपात्र ठरले, म्हणजेच दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यांचा तपास करता येत नाही. संहितेचे एखादे दखलपात्र कलम सोबत लावता आले तर ही अडचण टळते. पण उपासमार, कोंडून ठेवणे, सततची हेळसांड यांचे वळ अंगावर दिसत नसल्याने ते नेहमीच जमेल असे नाही. मुलाला स्वतः दंडाधिकाऱ्याकडे जाता येत नाही, ही साधी गोष्ट या दुरुस्तीत विचारात घेतलेली दिसत नाही.

कळवण्याच्या प्रश्नाचा विचार ज्यांच्यामुळे जगाला करावा लागला, ते डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री केंपे यांचे काम येथे सविस्तर पाहण्याजोगे आहे. देवीच्या रोगावरील संशोधनासाठी मद्रासलाही येऊन गेलेल्या केंपे यांनी सहकाऱ्यांसह १९६२ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात मारहाण झालेल्या बालकांविषयी निबंध प्रसिद्ध केला. ७१ रुग्णालयांतून एका वर्षात कळलेल्या अशा ३०२ मुलांपैकी ३३ दगावली होती आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. पालक सांगतात तो अपघात आणि दिसणारी इजा यांचा मेळ बसत नाही, क्ष-किरण चित्रात वेगवेगळ्या वेळी मोडलेली व वेगवेगळ्या टप्प्यांवर सांधत आलेली हाडे दिसतात, आणि तरीही आई-वडील असे करतील यावर डॉक्टरांचा विश्वास बसत नाही, हे त्यांच्या निरीक्षणाचे सार होते. डॉक्टरांची ही स्वाभाविक अनिच्छाच मुलाच्या जिवावर बेतते, हे पटल्यामुळे १९६७ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी अशी शंका कळवण्याचे कायदे केले.

भारतात हे बंधन लैंगिक अत्याचारापुरते स्पष्ट आहे. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याचे कलम १९ माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाला ती कळवणे भाग पाडते, सद्‌भावनेने कळवणाऱ्याला संरक्षण देते, आणि कलम २१ मौनाला शिक्षा सांगते. पालकाने हात मोडलेल्या मुलाबाबत बाल न्याय कायद्यात असे सार्वत्रिक बंधन नाही. भाईंदरच्या टेंभा रुग्णालयात किंवा मीरा रोडच्या एखाद्या खासगी दवाखान्यात असे मूल आले, तर संशयास्पद इजेची पोलिसांत वैद्यकीय-न्यायिक नोंद करण्याची रीत आहे, पण ‘जिन्यावरून पडला’ हे उत्तर स्वीकारले गेले की ती नोंदही होत नाही. केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालात, महाराष्ट्रासह १३ राज्यांतील पाहणीत, कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आई-वडीलच होते. अशा वेळी पालकाचा खुलासा हाच शेवटचा शब्द मानणे धोक्याचे आहे.

कळवणे म्हणजे मूल हिरावणे, ही भीतीही पोकळ नाही. बर्लिनमध्ये २०२१ पासून सरकारी ताब्यात असलेल्या भारतीय बालिकेचे प्रकरण मीरा-भाईंदरच्या गुजराती-जैन वस्तीला परके नाही. पालकांवरील फौजदारी चौकशी २०२२ मध्ये आरोपाविना बंद झाली, तरी २०२३ मध्ये न्यायालयाने मुलीचा ताबा बालकल्याण यंत्रणेकडेच ठेवला. भारतीय कायद्याची रचना याहून अधिक संयत आहे: छळ झालेले मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल’ ठरून जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे येते, सामाजिक चौकशी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश ४ महिन्यांत अपेक्षित असतो, आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचाच उपाय मानला आहे.

म्हणूनच कलम ७५ मधील वर्षे आणखी वाढवण्यापेक्षा तीन गोष्टी निकडीच्या आहेत. मारहाणीची रास्त शंका समितीला कळवणे डॉक्टर, शिक्षक आणि पाळणाघर चालकांवर बंधनकारक करावे व त्यांना ‘पॉक्सो’प्रमाणे संरक्षण द्यावे, २०२१ ची अदखलपात्रतेची तरतूद मागे घ्यावी, आणि १०९८ ही मुलांची मदतवाहिनी प्रत्येक सोसायटीच्या सूचनाफलकावर लावावी. यांपैकी शेवटच्या गोष्टीसाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि शेजारच्या घरातून मुलाचे ओरडणे ऐकू आल्यास तो क्रमांक फिरवण्यासाठी तर कोणत्याच कायद्याची.