आकाशातून क्रौंचांची शिरगणती

एखादी पक्षिजाती वाढत आहे की क्षीण होत आहे, हे ठरविण्यासाठी वर्षानुवर्षे मोजणी करावी लागते. भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत 1960 नंतरच्या दशकात सुमारे दोनशे सायबेरियन क्रौंच हिवाळ्यात येत. 2002 नंतर ते तेथे आले नाहीत. त्यांचाच आप्त असलेला अमेरिकेतील हूपिंग क्रौंच मात्र विनाशाच्या काठावरून परतला आहे.

सुमारे दीड मीटर उंचीचा हा शुभ्र पक्षी कॅनडातील वुड बफेलो उद्यानात वीण घालतो आणि सुमारे 4,000 किलोमीटर उडून टेक्सासच्या किनाऱ्यावरील आरान्सास अभयारण्यात हिवाळा काढतो. 1941-42 साली तेथे अवघे पंधरा-सोळा पक्षी उतरले होते.

किनाऱ्यावरील खारी दलदल पायी धुंडाळणे अशक्यप्राय. म्हणून 1950 पासून विमानातून गणती होऊ लागली. पक्ष्याचा आकार व रंग वरून सहज ओळखू येतो. प्रत्येक कुटुंब आपले ठराविक क्षेत्र राखते. पिलू तांबूस असल्याने त्या वर्षीची वाढही कळते.

विमान समांतर पट्ट्यांतून उडे आणि दिसलेला प्रत्येक पक्षी नकाशावर नोंदला जाई. परंतु न दिसलेला पक्षी मेला, की अन्यत्र गेला? 2008-09 च्या अवर्षणात 23 पक्षी दगावले असे अनुमान निघाले; प्रत्यक्षात मृत अवशेष चारच पक्ष्यांचे सापडले. नदीच्या पाण्यावरून वाद न्यायालयात गेला. 2013 साली निकाल क्रौंचांच्या बाजूने लागला. 2014 साली वरिष्ठ न्यायालयाने पाणीउपसा व मृत्यू यांतील संबंध फार दूरचा मानून तो फिरविला.

2011-12 पासून निराळी पद्धत योजण्यात आली. उड्डाणरेषेपासून पक्षी किती अंतरावर दिसला, हे नोंदले जाते. अंतर वाढते तसे पक्षी नजरेतून अधिक निसटतात. त्या प्रमाणावरून न दिसलेल्यांचा अंदाज काढता येतो. संख्येबरोबर तिची किमान व कमाल मर्यादाही दिली जाते. 2022-23 च्या हिवाळ्यात हा अंदाज 536 होता.

आपल्या मोजणीत चूक किती असू शकेल, हे सांगणारी संख्याच शास्त्रात विश्वासार्ह ठरते. संरक्षणाचे निर्णय तिच्याच आधारे घ्यावयाचे असतात.