‘आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बघू’: दुबईत नोकरीला जाण्याआधी हे वाचा

समजा, बुलडाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडच्या एका तरुणाला दुबईत कामाची ऑफर आली. मलकापूरहून रेल्वेनं मुंबई आणि तिथून साधारण तीन तासांत दुबई. एजंट फोनवर सांगतो, “आधी व्हिजिट व्हिसावर या, इथे आलात की वर्क व्हिसा करून देतो.”

तिथलं पुढचं सगळं जगणं या एका वाक्यावर ठरू शकतं. कसं, ते समजून घेऊया.

एजंटला व्हिजिट व्हिसाच का हवा असतो?

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ असा शेरा असतो. अशा व्यक्तीला यूएई, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, बहरीन यांसह १८ देशांत नोकरीसाठी जायचं असेल, तर आधी भारत सरकारची परवानगी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवरून मिळते. कंपनी कोणती, पगार किती, करारात काय लिहिलंय, हे त्यात पाहिलं जातं.

फिरायला जाणाऱ्याला मात्र ही परवानगी लागत नाही. म्हणजेच व्हिजिट व्हिसावर गेलात, तर एजंट या तपासणीतून सुटतो आणि धोका तुमच्या गळ्यात पडतो.

मग तिथे काय होतं?

यूएईमध्ये व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. असं काम करून घेणाऱ्या मालकाला २०२४ च्या कायद्यानुसार १ लाख ते १० लाख दिरहम दंड होऊ शकतो. पण कामगारही अडकतो. पगार थकला तर दाखवायला करार नसतो. व्हिसाची मुदत संपली की दिवसाला ५० दिरहम दंड सुरू होतो.

वर्क परमिट असेल तर चित्र वेगळं असतं. हातात करार असतो आणि ‘एमिरेट्स आयडी’ मिळतो. बँक खातं, भाड्याची खोली, दवाखाना, सगळीकडे हेच कार्ड लागतं. मालकानं कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणं किंवा भरतीचा खर्च त्याच्याकडून वसूल करणं, दोन्हीला तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यात बंदी आहे.

रोजच्या जगण्यात काय सांभाळायचं?

• डबा: यूएईत खसखशीवर बंदी आहे. त्यामुळे आईनं प्रेमानं दिलेले खसखस लावलेले अनारसे घरीच ठेवा.
• औषधं: कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या परवानगीशिवाय नेऊ नका. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या.
• फोटो: अनोळखी माणसाचा, त्याच्या परवानगीशिवाय फोटो काढणं गुन्हा ठरू शकतो. रील करतानाही हे लक्षात ठेवा.
• फोन: व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल सहसा लागत नाहीत. परवानगी असलेली वेगळी ॲप्स वापरावी लागतात.
• ऊन: १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२:३० ते ३ उघड्यावर काम करून घ्यायला मनाई आहे.
• सुट्टी: २०२२ पासून सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं. सौदीत मात्र शुक्रवार-शनिवार सुट्टी असते.

निघण्याआधी काय कराल?

एजंटची नोंदणी ई-मायग्रेटवर तपासा. नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जे द्याल त्याची पावती मागा.

ईसीआर पासपोर्टवर नोकरीला जाणाऱ्यांना ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाखांचं संरक्षण मिळतं.

करार, व्हिसा आणि पासपोर्टची एकेक प्रत घरी ठेवून जा. तुम्ही तिकडे अडचणीत सापडलात, तर घरच्यांना दूतावासाकडे मदत मागताना हेच कागद लागतील.

आणि एजंटला आजच एक मेसेज करा: “एम्प्लॉयमेंट व्हिसाची प्रत पाठवा, मग पैशांचं बोलू.” उत्तर द्यायला तो टाळाटाळ करत असेल, तर बॅग भरायची घाई करू नका.